विओरेलचा गुडघा

"खोटं बोल," विओरेल म्हणाला आणि उजवा पाय उचलून त्याने टेबलावर ठेवला.

"कोणाशी?"

"सगळ्यांशी. कोचशी, डॉक्टरांशी. जमलं तर माझ्याशीसुद्धा."

शुक्रवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. खिडकीबाहेर मैदानावर बाकीचा संघ पळत होता. मी त्याच्या मांडीखाली उशी सरकवली, नडगी दोन्ही हातांत धरली आणि हलकेच पुढे ओढली. चांगल्या गुडघ्यात हाड थोडं सरकतं आणि टक्कन थांबतं. याचं थांबत नव्हतं. जुन्या कपाटाचा खण ओढावा तसं येतच राहिलं.

तो छताकडे बघत होता. तसाच म्हणाला, "किती वाईट?"

"मंगळवारच्या एमआरआयमध्ये दिसलं तेवढंच. आतला मुख्य लिगामेंट अर्धा तुटलाय. कूर्चा जवळजवळ संपलीच आहे. अर्ध्यावर तग धरून आहेस. एकदा चुकीचा वळलास की उरलेला जाईल, आणि मग या वयात तो नीट जुळणार नाही. लंगडशील विओरेल, कायमचा."

"नव्वद मिनिटं, अनुझा. आयुष्यातली शेवटची नव्वद मिनिटं."

माझं नाव अनुजा सरनोबत. त्याच्या तोंडात ते अनुझा व्हायचं आणि मी ते कधी सुधारलं नाही. कोल्हापूरची असल्यामुळे फुटबॉल माझ्या कानांवर जन्मापासून होता. पेठांच्या सामन्यांच्या दिवशी आमच्या गल्लीत बायका स्वयंपाक लवकर उरकायच्या, कारण चारनंतर कोणी घरात थांबत नसे. फिजिओथेरपी शिकले तेही खेळाडूंचे पाय हातात घ्यायला मिळावेत म्हणूनच. 'मुठा युनायटेड' हा पुण्याचा संघ, ही माझी पहिली नोकरी, आणि तिथलं माझं दुसरं वर्ष चाललं होतं. गोष्ट २०१६ सालची.

विओरेल चेर्नात रोमानियाचा. बचावपटू. झिऊ नावाच्या नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणींची गावं आहेत, त्यातल्या एका गावातला. सतराव्या वर्षी खाणकामगारांच्या क्लबात खेळायला लागला. मग बुखारेस्ट, मग तुर्कस्तान, सायप्रस, आणि पस्तिशीला आल्यावर आमच्याकडे. वीस वर्षांत त्याने एकूण सहा गोल केले होते आणि त्यांतला एक स्वतःच्याच जाळ्यात होता. हे तो हसत सांगायचा. लोकांना गोल आठवतात, त्याला न झालेले गोल आठवायचे. "अंकारामध्ये, बाहत्तरावं मिनिट, तो डावीकडून येत होता," अशी सुरुवात करायचा आणि त्याने कसं नुसतं उभं राहून समोरच्याला चुकवायला लावलं ते सांगायचा. दोन वर्षांत आमच्या पोरांकडून मराठी शब्दही उचलले होते. मैदानावर त्याचं "थांब! थांब रे!" वरच्या पायरीपर्यंत ऐकू यायचं.

रविवारचा सामना मोसमातला शेवटचा. बरोबरी झाली तरी आम्ही लीगमध्ये टिकणार होतो, हरलो तर खालच्या गटात जाणार होतो. त्यानंतर विओरेल बूट उतरवणार होता. आणि त्या सामन्यासाठी त्याचे वडील आले होते.

"त्यांनी मला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही," तो म्हणाला. ही गोष्ट त्याने मला याआधी कधी सांगितली नव्हती. "एकदाही नाही. स्टेडियम घरापासून दहा मिनिटांवर. आई यायची, मावशी यायची, शेजारी यायचे. बाप घरी बसायचा. त्यांना फुटबॉल म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटायचा, असं मी धरून चाललो. आई गेल्या वर्षी गेली. तेव्हा मी म्हटलं, या, हिवाळाभर पुण्यात राहा, ऊन आहे, छातीला बरं वाटेल. ते म्हणाले, शेवटचा सामना कधी आहे? मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. सदतीस वर्षांत पहिल्यांदा बापाने विचारलं, सामना कधी आहे."

मी त्याचा गुडघा बांधत होते. पट्टी हातातच राहिली.

दुपारी कुलासो सर आले. आमचे कोच मडगावचे, माणूस तसा भला. पण त्या आठवड्यात त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"अनुजा, चेर्नात खेळतोय ना?"

"सर, त्याचा गुडघा..."

"गुडघा मला माहितीये. इंजेक्शन घेऊन उभा राहील. नुसता उभा राहिला तरी मागची फळी शांत राहते. त्याच्या जागी झोमुआना येणार, बावीस वर्षांचा. पोरगा चांगला आहे, पण अशा सामन्यात पाय लटपटतात." मग जरा थांबून म्हणाले, "तो स्वतः खेळतो म्हणतोय. तुला कोण जाब विचारणार आहे? उद्या सकाळी अकरापर्यंत त्याचा फिटनेसचा फॉर्म दे."

क्लबचे डॉक्टर नागपूरला लग्नाला गेले होते. मी फोन केला. मागे सनई वाजत होती.

"अगं, रिपोर्ट मी पाहिलाय," ते म्हणाले. "कागदावरून मला विचारशील तर नको. पण असे अर्धवट लिगामेंट घेऊन खेळलेलेही पाहिलेत मी. रोज तो गुडघा तुझ्या हातात असतो. तू म्हणशील त्यावर मी सही करीन."

म्हणजे पुन्हा माझ्यावरच.

खरं सांगते, त्या दुपारी मी फॉर्म भरला. विओरेल चेर्नात, जर्सी क्रमांक चार, 'खेळण्यास योग्य'. खाली सही केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. स्वतःला समजावलं की तो मोठा माणूस आहे, त्याला सगळं ठाऊक आहे. एवढ्या वर्षांनी बाप आलाय, मी कोण आड येणारी?

शनिवारी सकाळी नऊला दारावर टकटक झाली. विओरेल होता आणि त्याच्यामागे त्याचे वडील. ग्रिगोरे चेर्नात. सत्तरीचे, बुटके, खांद्यांत रुंद. डोक्यावर लोकरीची टोपी, पुण्याच्या मार्चमध्ये. कपाळावर आणि हातांच्या मागे निळसर काळे ठिपके होते, गोंदल्यासारखे. कोळशाची धूळ जखमेत राहिली की कातडीखाली तशीच राहते, हे विओरेलने मला मागे सांगितलं होतं.

"वडिलांना तुला भेटायचं होतं," विओरेल म्हणाला. "दोन मिनिटं. त्यांना इंग्रजी येत नाही, मी सांगतो."

मी खुर्ची पुढे केली. म्हातारबाबा बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि माझ्याकडे बघत बराच वेळ काहीतरी बोलले. आवाज खोल होता, मध्येमध्ये धाप लागत होती.

"ते विचारतायत, पुण्यात कायम एवढं ऊन असतं का," विओरेल म्हणाला.

एवढं बोलणं उन्हाबद्दल नव्हतं, हे कळायला रोमानियन यायची गरज नव्हती.

"त्यांना सांग, हो, असतं," मी म्हटलं. "आणि हेही सांग की तुझ्या गुडघ्यातला लिगामेंट अर्धा तुटलाय, कूर्चा राहिलेली नाही, आणि उद्या खेळताना तो पूर्ण तुटला तर तुला आयुष्यभर नीट चालता येणार नाही."

विओरेलने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग वडिलांकडे वळून तीन शब्द बोलला.

म्हाताऱ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकच वाक्य बोलले. विओरेलचे कान लाल झाले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले..." त्याने घसा साफ केला. "म्हणाले, या मुलीने एवढं सांगितलं आणि ते तुझ्या तीन शब्दांत कसं मावलं?"

मला हसू आलं. म्हातारबाबा हसले नाहीत. त्यांनी बोट दाखवून मुलाला टेबलावर बसायला लावलं. सव्वासहा फुटांचा विओरेल शाळकरी पोरासारखा बसला. मग त्यांनी त्याला काहीतरी बजावलं.

"मी जे बोलतो ते शब्दाला शब्द तिला सांगायचं, म्हणतायत. स्वतःचं काही घालायचं नाही."

आणि म्हातारबाबा बोलू लागले. एकेक वाक्य बोलून थांबायचे. विओरेल ते इंग्रजीत करायचा. त्यांच्याकडे वडिलांना अहो-जाहो करायची पद्धत आहे, त्यामुळे मध्येच काही विचारायचं झालं तर तो फार अदबीने विचारत होता.

"मी कोळसा फोडायचो नाही. माझं काम वायू तपासायचं होतं. पाळी सुरू होण्याआधी मी दिवा घेऊन एकटा खाली जायचो. हवेत वायू असला की ज्योतीवर निळी टोपी चढते. ती किती उंच आहे ते बघायचं. ठीक असलं तर बोगद्याच्या तोंडाशी फळीवर खडूने खूण करायची. माझी खूण असल्याशिवाय कोणी आत पाय टाकायचा नाही."

"हे मला माहीत आहे," विओरेल मला म्हणाला. "मी लहान असताना ते तेच काम करायचे. नंतर त्यांना वर दिव्यांच्या खोलीत बदललं. गेटवर दिवे वाटायचे."

"शब्दाला शब्द," म्हातारबाबा बहुधा म्हणाले, कारण तो लगेच गप्प झाला.

"एका दिवशी टोपी नेहमीपेक्षा उंच होती. फार नाही, थोडी. मी म्हटलं, पंखे चालू ठेवा, तासभर थांबू, मग बघू. माणसं ओरडायला लागली. दुपारी गावात सामना होता. आपला क्लब, मोठा सामना. पाळीचा ठरलेला कोळसा काढल्याशिवाय सुटका नव्हती. तास गेला असता तर सामना गेला असता. ते मला शिव्या देत नव्हते. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकलं नसतं. ते हसत होते, विनवत होते. ग्रिगोरे, अरे आमचा ग्रिगोरे, एक दिवस. सगळे माझ्या ओळखीचे. मी अर्धा तास थांबलो. टोपी थोडी खाली आल्यासारखी वाटली. मी खूण केली."

विओरेल सांगत होता, पण आता सावकाश, शब्द चाचपत.

"आत वायू पेटला. दोघं गेले. एक परगावचा होता, लग्न व्हायचं होतं. दुसरा आमच्याच इमारतीतला, आमच्या खालच्या मजल्यावर..."

म्हाताऱ्यांनी नाव घेतलं. विओरेलने ते इंग्रजीत केलं नाही. तो वडिलांकडे बघत राहिला.

"नेलूचे वडील," तो म्हणाला. ते मला उद्देशून नव्हतं. मग माझ्याकडे वळला. "नेलू माझा मित्र. आम्ही दोघं एकाच दिवशी क्लबात भरती झालो. त्याचे वडील अपघातात गेले एवढंच मला माहीत होतं. मी सहा वर्षांचा होतो."

त्याने वडिलांना काहीतरी विचारलं. फार हळू. म्हाताऱ्यांनी उत्तर दिलं, आणि मग हाताने माझ्याकडे खूण केली, तिलाही सांग.

"मी विचारलं, म्हणून तुम्ही स्टेडियममध्ये आला नाहीत का." विओरेल म्हणाला. "ते म्हणतात, नेलूचे आजोबा दर सामन्याला यायचे. दुसऱ्या रांगेत बसायचे. मी कुठल्या तोंडाने जाऊन बसणार होतो? तुझी आई घरी येऊन सांगायची, तू कसा खेळलास. मी पाठ फिरवून बसून ऐकायचो. आणि पाठ फिरवली म्हणून तुला वाटायचं, मला आवडत नाही."

बाहेर कोणीतरी शिट्टी वाजवत होतं.

मग म्हातारबाबा माझ्याकडे बघून शेवटचं बोलले. विओरेलने ते सांगताना एक शब्दही गाळला नाही, एवढं मला नक्की माहीत आहे, कारण तसं करणं त्याला फार जड जात होतं.

"काय लिहायचं ते मी तुला सांगत नाही, मुली. ते तुझं काम आहे. मी एवढंच सांगतो, आज विनवणारे उद्या तिथे नसतात. खडू ज्याच्या हातात असतो तो एकटा उरतो."

मी ड्रॉवर उघडला, कालचा फॉर्म काढला आणि दोघांसमोर फाडला. नवा घेतला. त्याच्या नावापुढे लिहिलं, 'खेळण्यास अयोग्य.'

विओरेल उठला. "ते मला बघायला आले होते अनुझा," एवढंच म्हणाला आणि दार उघडं टाकून निघून गेला. वडील टोपी घालत सावकाश उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि मुलाच्या मागे गेले.

कुलासो सरांनी फॉर्म दोनदा वाचला. "तुला कळतंय का तू काय केलंस?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी तो डॉक्टरांना पाठवला, डॉक्टरांनी मान्य केला, आणि त्यानंतर मोसम संपेपर्यंत सर माझ्याशी बोलले नाहीत. मोसम संपायला एकच दिवस होता, ते सोडा.

रविवारी साडेतीनला बालेवाडीच्या स्टेडियममध्ये मी संघाच्या बाकावर होते. मागे वळून पाहिलं तर चौथ्या-पाचव्या रांगेत ते दोघे बसले होते. विओरेलने सुती शर्ट घातला होता. मला वाटलं होतं, तो येणारच नाही. पहिली वीस मिनिटं तो हाताची घडी घालून दगडासारखा बसला. मग झोमुआनाने एक चेंडू उशिरा सोडला आणि हा उठून ओरडला, "थांब रे!" वडिलांनी त्याची बाही ओढून काहीतरी विचारलं. तो खाली बसून सांगायला लागला. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी वळून पाहिलं, तेव्हा तो हात हलवून, बोटांनी मांडीवर रेघा ओढून सांगतच होता आणि म्हातारबाबा पुढे झुकून ऐकत होते. ऑफसाइड त्यांना काही केल्या पटत नव्हता, असं दिसत होतं.

झोमुआना सुरेख खेळला. ऐंशीव्या मिनिटाला आमच्या गोलरक्षकाच्या हातातून सोपा चेंडू निसटला आणि आम्ही एक-शून्य हरलो. चूक बचावाची नव्हती, पण हरायचं ते हरलोच. संघ खालच्या गटात गेला. मे महिन्यात क्लबने माझा करार पुढे वाढवला नाही. कारण दिलं नाही, मी विचारलंही नाही. पुढे मी सांगलीत दवाखाना काढला. तिथे कबड्डीची, कुस्तीची पोरं येतात, आणि त्यांना 'नाही' म्हणणं आजही तितकंच अवघड जातं. विओरेल त्याच्या खोऱ्यात परत गेला, नेलूबरोबर मुलांना शिकवतो. दर ख्रिसमसला फोटो पाठवतो. डोंगरावर चालायला गेलेला असतो आणि फोटोत मुद्दाम गुडघा दाखवतो. ग्रिगोरेबाबा तीन वर्षांपूर्वी गेले.

पण मला तो रविवार आठवतो तो सामना संपल्यानंतरचा. लोक निघून गेले होते. मी औषधांची पेटी आवरून बाहेर आले तर मैदानाच्या त्या टोकाला दोन माणसं उभी होती. पाणी मारायला आलेला मैदानाचा माणूस पाइप हातात धरून थांबला होता.

"ताई, हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

मी जवळ गेले. विओरेल पेनल्टीच्या चौकोनाच्या कडेला उभा होता, पायांत चपला. त्याचे वडील वीस पावलांवर, टोपी घालून, समोर चेंडू ठेवलेला.

"मी कुठे उभा राहायचो ते बघायचंय त्यांना," विओरेल मला ओरडून म्हणाला. आदल्या सकाळनंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता. "ते फॉरवर्ड आहेत."

"वळू नकोस!" मी ओरडले. "चालायचं फक्त! ऐकतोयस ना?"

"चालतोच आहे!"

म्हातारबाबा निघाले. चेंडू पायाने ढकलत, धापा टाकत, पाऊल पाऊल. विओरेल त्यांच्यासमोर मागे मागे सरकत होता, हात थोडे पसरून, डोळे चेंडूवर. म्हातारे डावीकडे झुकले, तो आधीच तिथे होता. उजवीकडे गेले, तिथेही तोच. त्याने चेंडूला पायसुद्धा लावला नाही. शेवटी म्हातारे रेषेपर्यंत ढकलले गेले आणि चेंडू बाहेर गेला. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले, मुलाकडे बघत. मग चेंडू घेऊन परत वीस पावलं गेले.

दुसऱ्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळी त्यांना फार धाप लागली होती. विओरेलने एक पाय किंचित बाजूला घेतला, फट ठेवली, आणि म्हातारबाबा त्यातून पलीकडे गेले. समोर रिकामं जाळं. त्यांनी चेंडू मारलाच नाही. तिथेच थांबले, वळले आणि मुलावर असे कडाडले की पाइपवाला दोन पावलं मागे सरला.

विओरेल हसत होता, डोळे पुसत होता.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, तू मला जाऊ दिलंस. मी यासाठी एवढ्या लांब आलो नाही. खरं खेळ."

म्हातारे तोवर चेंडू उचलून पुन्हा आपल्या जागी पोचले होते. टोपी खिशात कोंबली, बाही वर केली, आणि निघाले.

या वेळी विओरेलने त्यांना जाऊ दिलं नाही.